अर्ध्यावर थांबलेले गेम : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५, रविवार

कामाचं स्वरूप आधी लिहून ठेवते. माझ्याकडे जेवढे गेम आहेत तेवढे खेळायला वेळ नाही आणि तो पुढेही मिळणार नाही. स्टीम, जीओजी, एपिक या ऑनलाइन दुकानांतले, शिवाय कन्सोलवरचे, असे सगळे मिळून शेकड्यांनी आहेत. त्यातले कोणते अजून उघडलेलेच नाहीत, कोणते मध्येच थांबले, कोणते संपले, याची एकत्र यादी कुठेच नाही. ती या वर्षी करायची. पण नुसती यादी करून उपयोग नाही. तिच्यावरून 'आज काय लावू?' हा प्रश्न पाच मिनिटांत सुटला पाहिजे. सध्या त्यातच संध्याकाळचा मोठा भाग जातो.

'सगळे संपवायचे' हे ध्येय नाही. साधा हिशोब करून पाहिला. समजा न खेळलेले २०० गेम आहेत आणि प्रत्येकाला सरासरी १५ तास लागतात. झाले ३,००० तास. आठवड्याला ५ तास खेळलं तर वर्षाला २६०. म्हणजे साडेअकरा वर्षं, आणि तीही मधल्या काळात एकही नवा गेम न घेता. एकट्या स्टीमवर २०२४ या एका वर्षात १८,००० हून अधिक गेम आले. तेव्हा हा ढीग कधी उपसून होणार नाही, हे धरूनच पुढचं काम.

११ जानेवारी, शनिवार

प्लेनाइट बसवलं. विंडोजवर चालतं, फुकट आहे, मुक्तस्रोत आहे, आणि वेगवेगळ्या दुकानांतल्या लायब्रऱ्या एका खिडकीत आणून ठेवतं. जोडणी करायला वेळ लागला नाही.

पहिली गोष्ट दिसली ती दुबार नोंदींची. एकच गेम दोन-दोन, कधी तीन दुकानांत. एपिकचं दुकान डिसेंबर २०१८ मध्ये सुरू झालं आणि तेव्हापासून तिथे फुकट गेम वाटले जातात, त्यामुळे आधीच विकत घेतलेले बरेच गेम तिकडूनही आले. हे एकत्र केले तशी यादी बरीच खाली आली.

खेळलेल्या वेळेच्या आकड्यांवर मात्र डोळे मिटून विश्वास ठेवायचा नाही. स्टीम प्रत्येक गेमची मिनिटं मोजतं, पण ही मोजणी २००९ पासूनची. त्याआधी खेळलेला गेम 'शून्य मिनिटं' दाखवू शकतो. उलटही होतं. २०१३ मध्ये स्टीमवर ट्रेडिंग कार्ड (जमवायची डिजिटल कार्डं) आली आणि ती गेम चालू ठेवला की मिळत जातात, म्हणून अनेकांनी गेम नुसते चालू ठेवले. अशा ठिकाणी तास भरपूर आणि खेळ काहीच नाही. म्हणून स्थिती हाताने भरायची. कंटाळवाणं काम आहे, पण प्रत्येक नावापाशी क्षणभर थांबावं लागतं आणि हाच त्याचा फायदा.

१९ जानेवारी, रविवार

ढीग कसा साचला हे पाहायचं होतं. स्टीमच्या खात्यात परवान्यांचं एक पान असतं. कोणता गेम कोणत्या तारखेला, कोणत्या मार्गाने आला, हे सगळं तिथे आहे. वर्षांप्रमाणे लावलं तर गेम एकेक करून आलेले नाहीत, झुंडीने आले आहेत हे स्पष्ट दिसतं.

एक झुंड बंडलची, म्हणजे एकाच किमतीत एकत्र विकलेल्या अनेक गेमची. २०१० मध्ये पहिलं हंबल इंडी बंडल आलं, त्यात वर्ल्ड ऑफ गू, अक्वेरिया, गिश, लुगारू आणि पेनंब्रा होते, किंमत घेणाऱ्याने ठरवायची. कल्पना सुंदर होती आणि छोट्या स्टुडिओंचं त्यातून भलं झालं. पण बंडलचा गुणधर्मच असा की हवा असतो एक गेम आणि सोबत येतात पाच. दुसरी झुंड मोठ्या सवलतींच्या आठवड्यांची. तिसरी फुकट वाटपाची. एखादा गेम स्वतःहून शोधला, त्याबद्दल वाचलं, वाट पाहिली आणि घेतला, अशा नोंदी या झुंडींच्या मध्ये तुरळक आहेत. त्या वेगळ्या रंगात केल्या. माझी खरी आवड कुठे आहे ते त्या ओळी सांगतात.

हे माझ्यापुरतंच नाही. स्टीमने २०२४ च्या शेवटी दिलेल्या आकड्यांनुसार खेळाडूंनी वर्षभरात खेळलेल्या गेमच्या संख्येचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर बरोबर मधला आकडा, होता ४. आणि त्या वर्षी आलेल्या नव्या गेमवर गेलेला वेळ एकूण वेळेच्या १५ टक्के. उरलेला सगळा वेळ आधीच्या वर्षांतल्या गेमवर. म्हणजे लोक जुनेच खेळतात आणि थोडेच खेळतात. हे वाचून मला मोकळं वाटलं. खेळाचं मान तेच आहे, खरेदीचं मान तेवढं वेगळं.

२ फेब्रुवारी, रविवार

स्थिती भरून झाल्या. प्लेनाइटमधल्या तयार खुणा पुरल्या नाहीत, तेव्हा एक जादा केली: 'अखंड'. स्टारड्यू व्हॅली, फॅक्टोरिओ, सिव्हिलायझेशन सहा यांना 'संपला' किंवा 'राहिला' म्हणण्यात अर्थ नाही. ते हवे तेव्हा लावायचे, हवे तेव्हा बंद करायचे. ते बॅकलॉगमधून, म्हणजे खेळायच्या राहिलेल्या यादीतून, काढले.

आता मुख्य गोष्ट. या प्रकल्पाला हात घातला तेव्हा वाटत होतं की न उघडलेले गेम हा खरा भार. यादी समोर आल्यावर चित्र वेगळं निघालं. न उघडलेल्या गेमची संख्या मोठी आहे, पण त्यांचा त्रास काहीच नाही. ते जसे होते तसेच आहेत. आज लावा, तीन वर्षांनी लावा, पहिलं दृश्य तेच. जड आहेत ते अर्ध्यावर थांबलेले. त्यांची संख्या त्या मानाने थोडी, पण 'आज काय लावू?' या प्रश्नात दर वेळी आडवे येतात तेच. मध्येच सोडलेला चांगला गेम समोर दिसत असताना नवा सुरू करायला मन घेत नाही. आणि जुन्याकडे परत जायचं तर आपण कुठे होतो, काय करत होतो, कोणतं बटण कशाचं, काहीच आठवत नाही. मग दोन्ही राहतं.

यापुढे कामाची दिशा ही: आधी अर्ध्यावरचे.

१५ फेब्रुवारी, शनिवार

आज खेळले नाही, विचार केला आणि जुन्या सेव्ह फाइल उघडून पाहिल्या. खंड पडल्यावर नेमकं काय हरवतं?

तीन वेगळ्या गोष्टी हरवतात आणि त्यांचे उपाय वेगळे आहेत. कथा हरवते: कोण कुणाचा, कुणाला काय वचन दिलं होतं. हात हरवतात: उडी, झेप, बचाव यांची बोटांत बसलेली लय. आणि हेतू हरवतो: मी या दरीत का उतरले होते, कोणतं दार उघडायचं राहिलं होतं, कसला अंदाज मनात होता. कथा कुठेही वाचायला मिळते. हात तासाभरात परत येतात. हेतू मात्र फक्त माझ्या डोक्यात होता, आणि तो तिथून गेला की कुठेच नसतो.

काही गेम हे ओळखून बनवलेले आहेत, आणि ते पाहताना बनवणाऱ्यांबद्दल मनापासून आदर वाटला. २००४ चे पोकेमॉन फायररेड आणि लीफग्रीन सेव्ह उघडताना आधीच्या काही घटना झरझर दाखवतात. ॲलन वेक भागांमध्ये बांधलेला आहे आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला मागचं थोडक्यात सांगतो. विचर ३ मध्ये गेम लोड होत असताना निवेदक आतापर्यंतची कथा ऐकवतो. ड्रॅगन क्वेस्ट अकरा पण सेव्ह उघडताना मागची कथा सांगतो.

हे सगळे कथेचे उपाय झाले. हेतू जपणारा गेम मला एकच सापडला जो खरोखर पुरा पडतो: आउटर वाइल्ड्स, २०१९ चा. हा गेम पूर्णपणे ज्ञानावर चालतो. शस्त्र वाढत नाही, शक्ती वाढत नाही. सूर्यमालेबद्दल तुम्हाला जे कळलं तेवढीच तुमची प्रगती. २२ मिनिटांत सूर्य फुटतो आणि सगळं पुन्हा सुरू होतं. असा गेम अर्ध्यावर सोडला तर तो मेलाच म्हणायचा. पण यानातल्या संगणकात प्रत्येक शोध धाग्यांनी जोडून ठेवलेला असतो, कोणती गोष्ट कुठे ऐकली ते दिसतं, आणि जिथे काही पाहायचं राहिलं आहे तिथे तशी खूण असते. मी खूप दिवसांनी तो नकाशा उघडला आणि त्याकडे पाहता पाहताच पुढे कुठे जायचं ते कळलं. यान उडवलंही नव्हतं.

रिटर्न ऑफ द ओब्रा डिन उलट टोकाचा. जहाजावरच्या ६० जणांचं काय झालं ते शोधायचं. वहीत सगळं टिपलेलं राहतं, तीन उत्तरं बरोबर आली की ती पक्की होतात. पण चेहऱ्यांमधले बारकावे, कुणाच्या बोलण्याचा लहेजा, कोण कुणाशेजारी उभा होता, हे वहीत येत नाही. तिथे परत जायचं म्हणजे नव्यानेच सुरुवात. छोटा गेम आहे, तेव्हा ते परवडतं.

तेव्हा प्रत्येक अर्ध्यावरच्या गेमपुढे आता एक रकाना: परतीचा खर्च. कमी, मध्यम, नव्याने सुरू.

२३ फेब्रुवारी, रविवार

परतीचा खर्च भरून झाला. 'नव्याने सुरू' या गटातले बरेच गेम सहा तासांच्या आतले निघाले. ते अर्ध्यावरचे मानायचेच नाहीत. 'न खेळलेले' मध्ये परत टाकले. लांब गेममध्ये 'नव्याने सुरू' आलं की मात्र नीट विचार करावा लागतो. पर्सोना ५ रॉयलला शंभर तासांच्या आसपास लागतात. त्यातले चाळीस पुन्हा खेळायचे का? हो म्हणावंसं वाटलं नाही. तो 'सोडला' मध्ये गेला. जे चाळीस तास खेळले ते मजेचे होते आणि ते माझ्याकडेच आहेत.

१३ मार्च, गुरुवार

स्टीमची वसंत ऋतूची सवलत आज सुरू झाली, आठवडाभर आहे. नियम आधीच लिहून ठेवते म्हणजे ऐन वेळी वाद नको: जो आज रात्रीच लावणार तोच घ्यायचा. बाकी सगळं विशलिस्टमध्ये, म्हणजे स्टीमवरच्या 'हवे आहेत' यादीत. तिथून सवलत लागली की कळतंच, आणि सवलती वर्षभर फिरून येत असतात.

या नियमाला एक व्यवहारी आधारही आहे. स्टीमवर खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळलेला गेम परत करता येतो. ही सोय जून २०१५ पासून आहे. पण ती लगेच खेळणाऱ्यासाठी आहे. घेऊन ठेवला आणि महिन्याने उघडला तर आवडो न आवडो, तो आपलाच. पहिल्याच संध्याकाळी तास-दीड तास खेळून पाहिलं तर गेम जमणार की नाही हे बहुधा कळतं.

१६ मार्च, रविवार

एक घेतला, त्याच रात्री लावला, ठेवला.

३० मार्च, रविवार

उद्या 'द क्रू' या गाड्यांच्या शर्यतींच्या गेमचे सर्व्हर (कंपनीचे संगणक, ज्यांच्याशी जोडूनच गेम चालतो) बंद झाले त्याला वर्ष होईल. ३१ मार्च २०२४ नंतर तो गेम विकत घेतलेल्यांनाही खेळता येत नाही. एकट्याने खेळायचा भागही सर्व्हरवर अवलंबून होता. ओव्हरवॉचचंही असंच: ऑक्टोबर २०२२ मध्ये पहिला बंद झाला आणि त्याच्या जागी दुसरा आला. निन्टेन्डोच्या तीन-डीएस आणि वी-यू या कन्सोलचं ई-शॉप २७ मार्च २०२३ ला बंद झालं, एक्सबॉक्स ३६० चं दुकान २९ जुलै २०२४ ला. दुकान बंद झाल्यावर नवी खरेदी थांबते; सर्व्हर बंद झाल्यावर घेतलेलंही जातं.

म्हणून आज आणखी एक रकाना: थांबेल की नाही, म्हणजे मी लावेपर्यंत गेम माझ्यासाठी वाट पाहील की नाही. फेब्रुवारीत लिहिलं होतं की न उघडलेले गेम जसेच्या तसे राहतात. त्याला ही पुरवणी. जो गेम इंटरनेटशिवाय चालतो तो थांबेल. जो जीओजीवर आहे त्याचा इन्स्टॉलर उतरवून वेगळ्या डिस्कवर ठेवता येतो, तो सर्वांत निवांत थांबेल. ज्याला सतत सर्व्हर लागतो तो थांबणार नाही. आणि सदस्यत्वातले गेम, गेम पास वगैरे, ते तर जातातच. कोणते लवकर जाणार त्याची यादीच तिथे असते.

व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत अमेरिकेत आलेल्या २०१० पूर्वीच्या गेमपैकी ८७ टक्के गेम आज बाजारात मिळत नाहीत असं निघालं. हा आकडा मला अस्वस्थ करतो. मी जे 'नंतर कधीतरी' म्हणून ठेवते त्यातलं काही नंतर नसेलच, म्हणून या रकान्याला महत्त्व. यादीचा क्रम यापुढे असा: आधी न थांबणारे, मग परतीचा खर्च कमी असलेले, मग बाकी.

दुपारभर जीओजीचे इन्स्टॉलर उतरवले.

२७ एप्रिल, रविवार

परतीची चिठ्ठी. ही या प्रकल्पातली मला सर्वांत उपयोगी वाटलेली गोष्ट आहे, म्हणून सविस्तर.

प्लेनाइटमध्ये प्रत्येक गेमला टिपणासाठी जागा आहे. खेळ थांबवताना, विशेषतः पुढचे काही दिवस जमणार नाही हे माहीत असताना, तिथे तीन ओळी लिहायच्या. कुठे आहे. पुढे काय करणार होते आणि का. हाताला कोणती गोष्ट नवी आहे. शेवटची ओळ बटणांसाठी. 'का' हा शब्द महत्त्वाचा. गेममधल्या कामांच्या यादीत 'काय' असतंच.

डिस्को एलिझियमवर हे करून पाहिलं. तिथे टिपणवहीत कामं असतात, पण तो गेम कामांचा नाहीच. एका माणसाचा खून झालाय, तपास करणाऱ्याला स्वतःचं नावसुद्धा आठवत नाही, आणि सगळी मजा संशयात आहे. चिठ्ठीत लिहिलं होतं: कोण खोटं बोलतंय असं वाटतं, किमसमोर (तपासातला जोडीदार) कोणता प्रश्न विचारायचा टाळला, उद्या सकाळी आधी कुठे जाणार. बऱ्याच खंडानंतर ती वाचली आणि पहिल्याच संभाषणात मी पुन्हा त्या शहरात होते. संशय चुकीचा होता की बरोबर ते पुढे कळेलच, पण तो माझा होता आणि तो टिकला.

सेलेस्ट या डोंगर चढायच्या गेमला चिठ्ठीचा उपयोग नाही. तिथे हरवतात ते हात. पण अध्याय पुन्हा निवडता येतात, तेव्हा पहिला अध्याय खेळून बोटं मोकळी करायची आणि मग जिथे अडलं तिथे. एवढ्यानेच ती शिखराकडची चढण पुन्हा सुरू झाली.

२५ मे, रविवार

धाकट्या भावाला स्टीम फॅमिलीत घेतलं. सहा जणांपर्यंत कुटुंब करता येतं आणि एकमेकांच्या लायब्रऱ्या उघडतात; एकाच वेळी दोघं वेगवेगळे गेम खेळू शकतात, तोच गेम हवा असेल तर दोन प्रती लागतात. त्याने माझी यादी चाळली आणि म्हणाला, "ताई, हे तू कधी लावणार नाहीस ना? मग मी घेतो." ज्या गटाला मी 'न खेळलेले' म्हणते त्यातले कितीतरी गेम त्याने आनंदाने उचलले. स्ट्रॅटेजीचे, जे मला कधीच रुचले नाहीत आणि बंडलमधून आले होते, ते बहुतेक त्याचे झाले.

इट टेक्स टू दोघांनी सुरू केला. तो दोघांशिवाय चालतच नाही आणि त्यात एकाकडे विकत घेतलेली प्रत असली की दुसरा फ्रेंड्स पासवर फुकट खेळतो. यादीत असे गेम वेगळे काढले, कारण त्यांची अडचण तासांची नाही, दोघांच्या मोकळ्या वेळा जुळण्याची आहे. वार ठरवून टाकला.

६ जुलै, रविवार

या आठवड्यात दोन बातम्या, दोन्ही 'थांबेल की नाही' या रकान्याच्या. युरोपात 'स्टॉप डिस्ट्रॉइंग व्हिडिओगेम्स' या नागरिक उपक्रमाने ३ जुलैला दहा लाख सह्या पार केल्या. विकलेला गेम कंपनीने पाठिंबा थांबवल्यावरही खेळता येईल अशा स्थितीत ठेवावा, ही मागणी. द क्रू बंद झाल्यावर सुरू झालेल्या मोहिमेतूनच ते पुढे आलं. सह्या तपासल्या जातील, पुढे काय होतं ते पाहायचं. पण इतक्या लोकांना हे महत्त्वाचं वाटलं याचा मला खरंच आनंद झाला.

दुसरी: अँथमचे सर्व्हर १२ जानेवारी २०२६ ला बंद होणार असं जाहीर झालं. तो माझ्या न उघडलेल्या गेममध्ये आहे आणि त्याला सर्व्हर लागतोच. यादीत सर्वांत वर आणला. त्यातल्या उडण्याबद्दल सगळेच चांगलं बोलतात. निदान उडून तरी पाहायचं.

स्टीमची उन्हाळी सवलत १० तारखेपर्यंत आहे. नियम तोच.

२० जुलै, रविवार

आढावा. 'आज काय लावू?' चं उत्तर आता प्लेनाइटमध्ये तीन गाळण्यांनी मिळतं: न थांबणारे, चिठ्ठी असलेले, आणि तीन तासांच्या आतले. तिसरी गाळणी थकलेल्या दिवसांसाठी नंतर केली. जर्नी, अ शॉर्ट हाइक, पोर्टल यांसारखे गेम एका-दोन बैठकांत होतात आणि त्यांना परतीचा खर्चच नाही. लांब गेमच्या मध्ये असा एखादा आला की लांब गेमही पुढे सरकतो, हे अनेकदा अनुभवलं.

अर्ध्यावरचा गट निम्म्याहून कमी झाला. काही संपले, काही 'सोडला' मध्ये गेले, काही नव्याने सुरू करायला परत टाकले. न उघडलेल्यांचा गट जवळपास तेवढाच आहे आणि त्याबद्दल काही करायचं नाही.

राहिलेली कामं: अँथम उतरवून घेणे. टिपणाच्या जागेत तीन ओळींचा साचा आपोआप यावा यासाठी छोटी स्क्रिप्ट लिहिणे. प्लेनाइटला पॉवरशेल (विंडोजची स्क्रिप्ट लिहायची भाषा) चालतं. भावाच्या यादीतले कोणते गेम न थांबणारे आहेत ते त्याला काढून देणे. डिस्को एलिझियमची चिठ्ठी बदलणे, कारण काल रात्री संशयित बदलला.